अपीलवाले अंकल

ज्या माणसाने वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाडी चालवण्यावर कागद लिहिले, त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. हे मला त्यांनीच सांगितलं. मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं, कारण सांगताना ते अजिबात हसत नव्हते.

"लायसन्स नाही म्हणूनच मला दिसतं, बाय," ते म्हणाले. "चालवणाऱ्याला समोरचं तेवढं दिसतं. मला भीती वाटते ना, म्हणून चारी बाजूंचं दिसतं."

शारजात, अल नहदाला, आमच्या दारासमोर त्यांचं दार होतं. वसईचे कॅथलिक. आंटी तिकडे वसईला वाडी सांभाळायच्या आणि हे इकडे एकटे, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका विमा ऑफिसात मोटारींचे क्लेम बघायचे. कोणाची गाडी कोणाला लागली, कशी लागली, लागल्यावर कोण काय म्हणालं, हे दिवसभर वाचायचं. मी त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे. उलट आवडेलच, पण मग वसईहून फोन करून ते एकेका वाक्याचा पुरावा मागतील. मला अजून तेवढं धीराने लिहिता येत नाही.

टॅक्सीत ते नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत आणि दोन्ही पाय असे रोवत की ब्रेक जणू तिथेच आहेत. एकदा आईला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा तेही आले. पठाण ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, "चाचा, फर्श टूट जाएगा."

"टूटने दो. तुम आगे देखो."

"आगेच देख रहा है, चाचा."

"अभी मेरे को देखा ना आरसे में? वो क्या था?"

ड्रायव्हरने पुढच्या सगळ्या रस्त्यात मागे बघायच्या आरशाकडे नजर टाकली नाही. उतरताना अंकलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं. आईला तापातही हसू आवरेना.

लायसन्सची परीक्षा ते किती वेळा नापास झाले हे कधी सांगत नसत. शेवटच्या वेळचं मात्र रंगवून सांगत. गोल चौकापाशी गाडी आली आणि हे थांबले. चौक पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबायचं असं ठरवून थांबले. दुबईतला चौक पूर्ण रिकामा कधी होतो? मागे भोंगे सुरू झाले. परीक्षक म्हणाला, "हबीबी, यल्ला." हे म्हणाले, "सर, ती पांढरी गाडी अजून विचार करतेय." नापास. मग त्यांनी अपील केलं. मुद्दा असा की परीक्षकाने यल्ला, म्हणजे चल लवकर, असं म्हणून उमेदवाराला असुरक्षित वागायला चिथावलं. अपील फेटाळलं गेलं. नाताळात त्याच ऑफिसात हे करंज्यांचा डबा घेऊन गेले.

"निकाल विरुद्ध गेला म्हणून निकाल देणाऱ्याशी अबोला धरायचा नसतो," ते म्हणत. "उद्या परत त्याच्याच दारात उभं राहायचंय."

अशा माणसाकडे शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी ड्रायव्हर लोक रांगेने यायचे. कसे, ते सांगायला थोडं मागचं सांगावं लागेल.

रास अल खैमाच्या बाजूला उंटांच्या शर्यतींचं मैदान आहे. उंटावर आता माणूस बसत नाही. पाठीवर एक लहानसं यंत्र बांधतात, त्याच्या हातात चाबूक असतो, आणि तो चाबूक मालक गाडीत बसून रिमोटने फिरवतो. म्हणून शर्यत सुटली की उंटांच्या बरोबरीने, कठड्याबाहेरच्या रस्त्यावरून, मालकांच्या गाड्याही सुटतात. पांढऱ्या मोठ्या गाड्यांचा कळप. खिडक्या उघड्या, वॉकीटॉकीवर आरडाओरडा, पुढे गाडी, मागे गाडी, बाजूला गाडी. शर्यत उंटांची, पण धक्के लागतात गाड्यांना. मग मैदानाचे पंच ड्रायव्हरचा पास काढून घेतात. कोणाचा काही दिवस, कोणाचा पूर्ण सीझन. त्यावर अपील करता येतं. तीन जणांची कमिटी ते ऐकते.

आमच्या इमारतीतल्या एका कोकणी ड्रायव्हरचा पास गेला तेव्हा अंकलनी त्याचं अपील लिहून दिलं. त्याचा पास परत मिळाला. ते ऐकून दुसरा आला, मग एक मल्याळी, मग दोन बलुची, मग एक सुदानी, ज्याची उंची दारात मावत नव्हती. उंटांच्या गोठ्यांवर त्यांचं नाव पडलं अपीलवाले अंकल. त्यांनी स्वतः शर्यत कधी पाहिली नव्हती. "वेगाचं मला बघवत नाही," म्हणायचे. पण कुठल्या वळणावर दुपारचं ऊन डोळ्यांत येतं आणि कुठे कठडा किंचित आत घेतलाय, हे विचारून विचारून त्यांना पाठ झालं होतं.

त्यांची पद्धत अशी. जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी म्हणजे तुमची गाडी. चहापत्तीचा डबा म्हणजे दुसऱ्याची. चमचे म्हणजे कठडा. आणि ज्याला लागलं तो माणूस म्हणजे कांदा.

"कांदा कशाला, अंकल?" मी एकदा विचारलं.

"विसरू नये म्हणून. बरण्या काय, बरण्याच असतात. कांदा डोळ्यांत जातो."

मग ड्रायव्हरने बरणी हाताने ढकलून दाखवायची. अंकल वाकून, टेबलाच्या पातळीला डोळे आणून बघायचे आणि मधेच हात धरायचे. "थांब. या क्षणाला तुझे डोळे कुठे होते?" हा त्यांचा आवडता प्रश्न. दूध उतू गेलं तरी ते स्वतःला हाच प्रश्न विचारत आणि स्वतःच खरं उत्तर देत. "बातम्यांत होते."

आणि एक अट होती. ज्याला लागलंय त्याला भेटून आल्याशिवाय ते एक ओळ लिहीत नसत. ड्रायव्हरांना हे फार जड जायचं. त्यांच्यात असं मानतात की भेटायला गेलात म्हणजे कबूल केलंत. कितीतरी जण या अटीवरच परत गेले. अंकल दार लावून घ्यायचे आणि सुकटीला फोडणी द्यायचे.

माझे पप्पा राजापूरकडचे. इथे आले ते साइटवर शटरिंगच्या कामाला. पुढे लायसन्स काढलं आणि रास अल खैमाला एका उंटमालकाकडे ड्रायव्हर लागले. मालकाला ते अरबाब म्हणत. पप्पा तिकडेच राहायचे, आठवड्याला एकदा घरी यायचे. आई शाळेच्या बसवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करायची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. हे सांगताना मला अजून जरा संकोच वाटतो, कारण वर्गात मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि वर्षभर एकही प्रश्न विचारला नव्हता. इंग्रजी वाक्य मनात पूर्ण तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा पप्पांचा पास गेला.

त्या दिवशी अरबाबची एक सांडणी पहिल्यांदाच मोठ्या शर्यतीत पळत होती. पप्पांनी तिला लहानपणापासून पाहिलं होतं. दोन बोटांवर मध लावून ते तिला चाटवायचे, असं आईला सांगायचे आणि आई म्हणायची, "इथे स्वतःच्या पोरीला कधी चाटवलात?" शर्यतीत सांडणी शेवटच्या वळणावर पुढे निघाली आणि आतल्या बाजूला, डावीकडे सरकली. पप्पांची गाडीही डावीकडे सरकली. डावीकडे दुसरी गाडी होती. ती कठड्याला घासत गेली. त्या गाडीत खिडकीबाहेर हात काढून बसलेला एक म्हातारा बलुची, उंटांना शिकवणारा, त्याचं मनगट मोडलं.

पंचांनी पप्पांचा पास पूर्ण सीझनसाठी काढला. अरबाब वाईट माणूस नव्हता. पण त्याने साफ सांगितलं, "पास नाही तर ड्रायव्हर कशाला? अपील जिंकलास तर राहा. नाहीतर खलास." पप्पांच्या व्हिसावर आईचा आणि माझा व्हिसा होता. म्हणजे पप्पा गेले की आम्ही तिघंही गेलो. माझं कॉलेजही तिथेच संपणार होतं.

पप्पा आले तेव्हा त्यांच्याकडे अरबाबच्या ऑफिसातल्या माणसाने टाइप करून दिलेलं अपील होतं. धूळ उडाली, समोरचं दिसेना, त्यामुळे प्रकार घडला. खाली सही करायची बाकी. आई म्हणाली, "सही करायच्या आधी समोरच्या अंकलना दाखवून तरी या."

अंकलनी ते वाचलं, घडी घातली आणि फळांच्या परडीखाली ठेवलं. "त्या दिवशी मैदानावर पाणी मारलं होतं?"

पप्पा म्हणाले, "मारतात, साहेब. शर्यतीआधी टँकर फिरतोच."

"मग धूळ कुठली?"

"सगळे धूळच लिहितात."

"म्हणून तर. ती कमिटी रोज धूळ खाते, दादा. तुम्ही आणखी किती घालणार?" मग त्यांनी बरणी, डबा, चमचे मांडले. शेवटी कांदा. "ढकला."

पप्पांनी बरणी ढकलली. वळणापाशी अंकलनी त्यांचा हात धरला. "डोळे कुठे होते?"

पप्पा बरणीचं झाकण चाचपत राहिले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. कोणी मोठ्या आवाजात बोललं तर ते उलट बोलायचे, पण अंकल अगदी हळू बोलत होते.

"समोर," पप्पा म्हणाले.

"समोर असते तर गाडी सरळ गेली असती. माणूस बघतो तिकडे त्याचं स्टिअरिंग जातं."

त्यांनी बरणी मागे ओढून परत वळणापाशी आणली. मग पप्पा म्हणाले, "सांडणीकडे होते."

"अरबाब ओरडत होते का?"

"ओरडत होते. सगळेच ओरडतात."

"ते त्यांचं. त्यांचं ते सांगतील नाहीतर नाही सांगतील. आपण आपलं तेवढं सांगू." अंकलनी कांदा उचलून पप्पांच्या तळहातावर ठेवला. "आधी याला भेटून या."

पप्पा उठले. दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "साहेब, तुम्हाला सोपं आहे. तुमची नोकरी जात नाही. भेटायला गेलो आणि तो म्हाताराच उद्या कमिटीपुढे बोलला, की हा येऊन पाय धरून गेला, तर?"

"तर खरं बोलला असं होईल," अंकल म्हणाले. "आणि दादा, एक सांगतो. मी लिहून दिलेली अपिलं फेटाळलीही गेलीत. पुष्कळ. पास परत मिळेल अशी गॅरंटी मी देत नाही. तुम्हाला ते टाइप केलेलं द्यायचं असेल तर परडीखाली आहे, घेऊन जा. मी रागावणार नाही. सुकट केलीय, जेवूनही जा."

पप्पा जेवले नाहीत. कागदही नेला नाही. दोन दिवस पप्पा घरीच होते. आई म्हणाली, "त्या माणसाला खरं बोलायचं वेड आहे. आपल्याला परवडणारं आहे का ते?" मला काय वाटत होतं हे मला नीट माहीत नाही. पप्पांनी सही करावी असंही वाटत होतं, आणि करू नये असंही. तिसऱ्या दिवशी पप्पा मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. एकट्याने जायला कसंतरी होतं."

बलुची म्हाताऱ्याची पत्र्याची खोली उंटांच्या गोठ्याला लागून होती. हाताला प्लास्टर. आम्ही सफरचंदं नेली होती. ती घेऊन त्याने उशाशी ठेवली आणि डाव्या हाताने स्टोव्ह पेटवू लागला. पप्पांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि चहा स्वतः केला, उंटिणीच्या दुधाचा. माफी वगैरे कशी मागतात ते पप्पांना येत नव्हतं. त्यांनी कप पुढे केला आणि म्हणाले, "गलती मेरी थी, चाचा. मैं उसको देख रहा था."

म्हातारा म्हणाला, "मैं भी उसी को देख रहा था. नहीं तो हाथ अंदर ले लेता ना?"

मग दोघं त्या सांडणीबद्दलच बोलत बसले. तिचे मागचे पाय कसे पडतात, वळणावर ती आत का सरकते. म्हातारा म्हणाला, तिला डाव्या बाजूला मोकळं ठेवलं की भीती वाटते, ती सोबत शोधते. मी सफरचंद कापत होते. परतताना पप्पा म्हणाले, "तुझ्या अंकलना सांग, लिहा म्हणावं."

अंकलनी लिहिलेलं अपील एका पानाचं होतं. त्यात धूळ नव्हती, अरबाब नव्हता, पप्पांची गरिबी नव्हती, मी नव्हते. आईला त्याचं वाईट वाटलं. "पोरगी शिकतेय एवढं तरी लिहायचं होतं." अंकल म्हणाले, "वहिनी, मनगट त्या म्हाताऱ्याचं मोडलं. त्याच्या कागदात आपली पोर कशाला?"

सुनावणीला ड्रायव्हरबरोबर मालक आणि एक दुभाषा एवढेच आत जाऊ शकत. दुभाषा अंकलच असणार हे आम्ही धरून चाललो होतो. ते सुट्टी काढून आलेही होते, चर्चला घालतात तो सूट घालून. मैदानाच्या ऑफिसबाहेर बाकावर बसले आणि मला म्हणाले, "जा. तू बोल."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. "अंकल, मला नाही येत. वर्गातसुद्धा..."

"तेच बरं आहे. मी आत गेलो की माझी भाषा ऐकतील. मी इतक्यांचं बोललोय की माझं वाक्य गुळगुळीत झालंय. तू अडखळशील, मग ते तुझ्या पप्पांकडे बघतील. त्यांच्याकडेच बघायला हवं."

"आणि चुकले तर?"

"तर थांबायचं. परत सांगायचं. कोणी मागून भोंगा वाजवत नाही आत."

मला त्यांचा राग आला होता. हे लिहायला हवं. त्या क्षणी मला वाटलं, हा माणूस विक्षिप्त आहे आणि याच्या विक्षिप्तपणापायी आम्ही तिघं विमानात बसणार. पण आत हाक मारली आणि मी गेले.

तिघे होते. एक निवृत्त पोलीस अधिकारी, एक जनावरांचे डॉक्टर, आणि मधे एक वयस्कर अरब गृहस्थ, अध्यक्ष, ज्यांनी स्वतः आयुष्यभर उंट पाळले होते. अरबाब एका बाजूला. पप्पा हिंदीत एक वाक्य बोलायचे, मी ते इंग्रजीत करायचे. मी अडखळले. एका जागी तर 'मनगट' या शब्दाला इंग्रजी शब्दच आठवेना, मी माझंच मनगट धरून दाखवलं. कोणी हसलं नाही. पोलीस अधिकाऱ्याने विचारलं, "धूळ होती का?" पप्पांनी मान हलवली. "नहीं. पानी मारा था." अरबाबने माझ्याकडे आणि मग खिडकीकडे पाहिलं.

मी पुढचं वाक्य मनात जुळवत होते तेवढ्यात अध्यक्षांनी हात वर केला आणि माझ्यापेक्षा चांगल्या हिंदीत पप्पांना थेट विचारलं, "तू गाड़ी चलाने गया था. ऊँटनी को क्यों देख रहा था?"

पप्पांनी टेबलावरच्या अपिलाकडे पाहिलं. याचं उत्तर कागदात नव्हतं. अंकलनी ते पढवलंही नव्हतं.

"अच्छा भाग रही थी, साब," पप्पा म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर खाली बघून काहीतरी पुसू लागले. मग तिघं आपसांत अरबीत बोलले, आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर अंकल बाकावर नव्हते. ऑफिसच्या शिपायाला चहा आणून देत होते. आम्ही दिसल्यावर काहीच विचारलं नाही, माझ्या हातात एक कप दिला. मी तो न पिता दाराकडेच बघत राहिले, तेव्हा त्यांनी तो परत घेतला आणि स्वतः धरून ठेवला, मी घोट घेईपर्यंत.

निकाल असा लागला. पूर्ण सीझनची बंदी काढली, महिनाभराची ठेवली. आणि त्यानंतर उरलेल्या सीझनभर, शर्यतीत गाडी चालवताना पप्पांच्या बाजूच्या खिडकीवर आतून काळा पडदा लावायचा. आरसा दिसेल एवढी पुढची जागा मोकळी, बाकी बंद. उंटाकडे बघणं मालकाचं काम, रस्त्याकडे बघणं ड्रायव्हरचं. पडदा नसला तर पास नाही. हे शेवटचं अध्यक्षांनी हिंदीत सांगितलं आणि पप्पांना विचारलं, "मंज़ूर?"

"मंज़ूर, साब."

बाहेर आल्यावर अरबाब बराच वेळ गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा होता. मग त्याने ती पप्पांच्या हातात दिली. "मी पण ओरडणं कमी करीन," तो म्हणाला. "इन्शाल्ला."

"त्या इन्शाल्लावर जाऊ नका," अंकल मागून मराठीत पुटपुटले.

पुढच्या वर्षी अंकलची नोकरी संपली आणि ते वसईला गेले. आता फोनवर वाडीतल्या केळींचं सांगतात आणि वसईच्या रिक्षावाल्यांच्या तक्रारी. मी वर्गात प्रश्न विचारते म्हटल्यावर म्हणाले, "चुकीचे विचारतेस ना अधूनमधून? मग ठीक." मी त्यांचे आभार कधी नीट मानले नाहीत. मानायला गेले की ते विषय बदलून आईच्या गुडघ्यावर आणतात.

पण जायच्या आधी एकदा ते मैदानावर आले. महिना संपून पप्पांची पहिली शर्यत होती, तीच सांडणी. आईने तिच्या जुन्या काळ्या ओढणीचा पडदा शिवला होता, चारी कोपऱ्यांना बंद लावून. अंकल म्हणाले, "मला वेगाचं बघवत नाही, पण पडदा बघायचाय." प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं बसलो. शर्यत सुटायच्या आधीच त्यांनी रुमाल काढून मुठीत घट्ट धरला. पायही रोवले.

शर्यत सुटली. उंट निघाले, गाड्या निघाल्या. सगळ्या पांढऱ्या, पण एकीच्या खिडकीत काळं. ती एका रेषेत जात होती. शेजारी गाडी आली, ती रेषेत. मागची गाडी पुढे घुसली, तिने वेग कमी केला आणि रेषेतच राहिली. शेवटचं वळण आलं. अंकलनी माझा हात धरला. काळी खिडकी वळणावरून आली, सरळ, डावीकडे एक हातही न सरकता, आणि शेवटच्या खांबापलीकडे जाऊन थांबली. अंकलनी श्वास सोडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते म्हणाले ऊन फार आहे.

पप्पा गाडी लावून जवळजवळ पळतच आमच्याकडे आले. शर्टची पाठ भिजलेली.

"आपली सांडणी कितवी आली?" त्यांनी विचारलं.

मी अंकलकडे पाहिलं. अंकलनी माझ्याकडे.

"अरबाब गाडीतच ओरडत बसलेत, हसतायत की रडतायत कळत नाही," पप्पा म्हणाले. "मला काही दिसलं नाही. सांगा ना. कितवी?"

"दादा," अंकल म्हणाले, "आम्ही तुमचीच गाडी बघत होतो."

पप्पा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग ते आमच्या शेजारी पायरीवर बसले, आणि कोणीतरी येऊन सांगेल म्हणून आम्ही तिघं वाट बघत बसलो.